वापरलेलं अ‍ॅसिड फेकायचं का परत वापरायचं?

नवा_उद्योग: चिंचोळी एमआयडीसीत पीसीबीचं (इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या सर्किटच्या पाट्यांचं) छोटं युनिट टाकायचं म्हणतोय, कॉपर क्लोराइडचं एचिंगचं (पाटीवरचं नको ते तांबं खाऊन काढायचं) पाणी तांब्याने भरलं की फेकायचंच का? चिपवाले तर सल्फ्युरिक परत वापरतात म्हणे.

अ‍ॅसिडवाला: फेकतो कशाला बे, हायड्रोजन पेरॉक्साइड न् हायड्रोक्लोरिक मोजून घातलं की परत चालतं, फक्त तांबं विरघळत जातं तसं पाणी वाढतं, ते जादाचं प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या रिकव्हरीवाल्यालाच दे. थेट करंट देऊन तांबं काढायला जाऊ नको, क्लोरीन सुटतो.

लॅबमधला: चिपचं प्रकरण वेगळंय. तिथं सल्फ्युरिकमध्ये पेरॉक्साइड घालून चिप धुतात, त्यातलं उरलेलं पेरॉक्साइड आधी मोडायचं, मग व्हॅक्यूममध्ये डिस्टिल (उकळून वाफ थंड करून शुद्ध) करायचं, कारण साध्या दाबाला ९८ टक्के सल्फ्युरिक ३३७ अंशाला उकळतं. धातू अब्जात एक भागाच्या आसपास नाहीतर त्याहून कमी लागतात, छोट्या युनिटचं काम नव्हे.

नवा_उद्योग: मग पेरॉक्साइड किती घालायचं ते कशावरून कळतं?

अ‍ॅसिडवाला: ओआरपी मीटर घे की, पाण्याची ऑक्सिडेशन करायची ताकद किती उरलीय ते दाखवतं.