पोच मागितली तेव्हा काय झालं? नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

वडील गेल्यावर घराच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, वारसनोंद करायला गेलो. अर्ज दिला, पोच मागितली. "आमच्यावर विश्वास नाही का?" बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "विश्वास आहे जी, तारीख पाहिजे." शाईचं पॅड कपाटात, कपाटाची किल्ली जेवायला गेलेल्या शिपायाजवळ. मी टेबलासमोरून हललो नाही. पाऊण तासानं शिक्का पडला. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला, तेव्हापासून अधिसूचित, म्हणजे त्या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेच्या अर्जाची पोच देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुमचं काय झालं ते सांगा. कार्यालयाचं, माणसाचं नाव लिहू नका.

मानेवाडा
मुलीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला. रोज एकच उत्तर, सर्व्हर डाऊन. मुदतीचा फलक भिंतीवर होता, पण अर्धा कपाटामागे. वाकून मोबाईलवर फोटो काढला आणि त्याच कायद्याखाली पहिलं अपील टाकलं. सुनावणीच्या आधीच दाखला हातात! कसूर ठरली तर 500 ते 5000 रुपये दंड अधिकाऱ्याला भरावा लागतो, हे त्यांनाही ठाऊक असतं.

निवृत्त लिपिक, महाल
मी टेबलाच्या पलीकडचा. फाईल कोणी हरवत नाही, ती थांबवतात. आज एक त्रुटी काढायची, ती पुरी झाली की दुसरी. सगळ्या त्रुटी एकदम कळवल्या तर माणूस परत येत नाही आणि 'वजन'ही ठेवत नाही. विलंब प्रतिबंधाच्या 2005 च्या कायद्यात सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांवर फाईल अडवू नये असं आहे. मी पहिल्याच दिवशी सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहून द्यायचो. त्यापायी शेजारच्या टेबलांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तरी माझ्यासारखे आणखी दोघं होते आमच्याकडे, हेही लिहून ठेवतो. सगळे सारखे नसतात.

सरकारी नोकरीत, नाव नको
लाचलुचपतच्या सापळ्यात पंच म्हणून गेलो होतो. आधी पडताळणी झाली, मागणी रेकॉर्डरवर आली. मग नोटांना पावडर लावली. पैसे घेतल्यावर साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली, बिनरंगाचं पाणी गुलाबी झालं. ते पाण्याकडे पाहतच राहिले. मला त्यांच्यापेक्षा तक्रारदार आठवतो. पंचविशीतला पोरगा, हात थरथरत होते, पण जबाबात एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. कोणी अडवून पैसे उकळले असतील तर गप्प बसू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीप्रमाणं सात दिवसांत कळवलं तर देणाऱ्यावर गुन्हा येत नाही. लाचलुचपतचा फोन 1064.

धरमपेठ
माहिती अधिकारात 10 रुपये भरून फक्त एवढंच विचारलं: माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता? 30 दिवसांच्या आत काम झालं, उत्तर मागाहून आलं.

कामठीकडचा शेतकरी
माझ्या बाबाच्या सातबाऱ्याचा फेरफार अडकून आहे. चौदा चकरा झाल्या. पोच कधी दिलीच नाही, मलेही मागता आली नाही. हे पोरगी लिहून देते. काल तिनं नवा अर्ज देऊन शिक्का घेतला. आता पुढं काय करू?

धागाकर्ता
काका, त्या पोचेच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद घरी ठेवा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अपील टाकू. मी सकाळी कामठीला येतो, पोरीलाही सोबत घेऊ.