'इच्छादास्य' म्हणजे कोण कोणाचा दास?

पानगळ : एका लेखाच्या भाषांतरात अडकलेय. माणसाची इच्छा स्वतंत्र की बांधलेली, हा त्यातला वाद. कॅथलिक विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये लॅटिनमध्ये 'दे लिबेरो आर्बित्रिओ' लिहिलं, प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने पुढच्याच वर्षी 'दे सेर्वो आर्बित्रिओ' लिहून उत्तर दिलं. पहिल्याला 'इच्छास्वातंत्र्य' सहज बसलं. जोडी जमावी म्हणून दुसऱ्याला 'इच्छादास्य' केलं, तर लेख तपासणाऱ्या मैत्रिणीने समासात लिहिलं, "वासनांचा गुलाम?" ल्यूथरला म्हणायचंय की इच्छाच बांधलेली आहे.

अडगळ : समासातला घोळ समासातच सापडला म्हणायचा! 'मातृप्रेम' आईचं की आईवरचं, तसलं आहे हे. 'बद्ध इच्छा' करा.

पानगळ : 'बद्ध' आला की मागोमाग मोक्षमार्गावरचे मुमुक्षू, साधक, सिद्ध येतात हो. भलताच संप्रदाय.

तिरपागडे : मुळात 'इच्छा'च चूक. इच्छेला लॅटिनमध्ये 'वोलुंतास' आहे. 'आर्बित्रियम' म्हणजे निवाडा, निवड. आपला 'अखत्यार' पडून आहे की! अरबी 'इख्तियार' म्हणजे निवडच. 'मुखत्यार'ही त्याच घरातला.

अडगळ : अखत्याराला कचेरीचा वास येतो. 'स्वाधीन' घ्या, अस्सल संस्कृत.

तिरपागडे : चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतात तेव्हा तो स्वतंत्र होतो का?

अडगळ : तिथला 'स्व' पोलिसांचा!

तिरपागडे : ल्यूथरही तेच विचारतो, 'स्व' कोणाचा? त्याच्या लेखी इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. पाठीवर देव बसला तर देव नेईल तिकडे, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे. स्वार निवडणं जनावराच्या अखत्यारीत नाही. (बघा, बसला की नाही शब्द?)

घंगाळ : पानगळताई, मैत्रीण अर्धी बरोबर आहे. जुना ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन, त्याच्या मते पतनानंतर (म्हणजे आदामाच्या पापानंतर) माणूस स्वखुशीनेच पाप करतो, आणि ती खुशीच त्याची बेडी. म्हणजे वासनेची गुलामी आणि इच्छेची गुलामी एकच! बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात प्रेषित पौलाची तीच तक्रार आहे: करावंसं वाटतं ते होत नाही, नको तेच हातून होतं. मी लहानपणी "स्वभावाला औषध नाही" म्हटलं की आजी म्हणायची, "कृपा आहे ना!" ऑगस्टीनचा विरोधक पेलाजियस, त्याला हे पटलं नसतं. त्याच्या मते आज्ञा दिली आहे म्हणजे ती पाळता येते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची मतं धिक्कारली.

अडगळ : पण 'स्वभाव' का? मानवी 'प्रकृती' म्हणा.

तिरपागडे : "मानवाची प्रकृती बिघडली" वाचून लोक डॉक्टरला बोलावतील.

घंगाळ : हसू नका, कॅथलिक बाजू जवळपास तीच आहे. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने म्हटलं, माणसाचं इच्छास्वातंत्र्य दुबळं झालं, वाकलं, पण विझलं नाही. म्हणजे आजारी, मेलेलं नव्हे.

पानगळ : सगळं खरं, पण मथळा उद्या द्यायचाय!

अडगळ : एक शंका. 'अखत्यारीत' सगळे म्हणतात. मग मूळ शब्द 'अखत्यारी' ना? 'अखत्यारात' कोणी ऐकलंय?