आईबाबांना घेऊन मॅलमला : गुडघ्यांना झेपतील अशा पायवाटा कोणत्या?

लीड्सकर

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आईबाबा पुण्याहून आमच्याकडे लीड्सला येत आहेत. त्यांना एक दिवस यॉर्कशर डेल्समधील मॅलम या गावी न्यावे, असा विचार आहे. बाबा ७१ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षापर्यंत ते रोज पर्वती चढत असत. आता उजव्या गुडघ्यामुळे पायऱ्या, विशेषतः उतरताना, जड जातात. सपाटीवर मात्र ते दोन तास आरामात चालतात.

आईची अडचण निराळी आहे. मागच्या खेपेस आम्ही एका खेड्यात फिरायला गेलो होतो, तेव्हा शेताच्या फाटकाशी ती थबकली आणि "लोकांच्या वावरातून काय म्हणून जायचे? कोणी हटकले तर?" असे म्हणून सरळ मागे फिरली. तिला समजावण्याइतकी माहिती मलाही नव्हती.

मॅलमविषयी जिथे वाचावे तिथे सुमारे आठ किलोमीटरचा एकच फेरा सांगितलेला आढळतो. त्यातला कोणता भाग आम्हाला जमेल आणि कोणता टाळावा, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

गडगा

तो फेरा मोडून त्याचे दोन तुकडे करावेत, असे मी सुचवीन. कठीण भाग आहे तो या दोन तुकड्यांना वरून जोडणारा; खालचे दोन्ही तुकडे जवळजवळ सपाट आहेत.

सकाळी जॅनेट्स फॉसकडे निघावे. गावातला ओढा ओलांडून काठाकाठाने दक्षिणेकडे थोडे चालले की वाट डावीकडे वळते, कुरणांतून आणि जुन्या दगडी गोठ्यांवरून जाते आणि शेवटी गॉर्डेल ओढ्याकाठच्या झाडीत शिरते. इथल्या शेतांच्या हद्दी म्हणजे चुना किंवा माती न वापरता दगडावर दगड बसवून रचलेले गडगे आहेत. कोकणात आमच्या घराभोवती असलाच जांभ्याचा गडगा होता, त्यामुळे हा मुलूख मला पहिल्या दिवसापासून परका वाटला नाही. इथले माझे नावही त्यावरूनच घेतलेले आहे.

गडग्यांतून पलीकडे जाण्यासाठी या वाटेवर बहुतेक ठिकाणी 'किसिंग गेट' आहेत. अर्धगोल कठड्यात झुलणारे हे छोटे फाटक असते : आत शिरायचे, कोपऱ्यात अंग चोरून उभे राहायचे, फाटक आपल्यासमोरून दुसऱ्या बाजूला ढकलायचे आणि बाहेर पडायचे. माणूस पार होतो, मेंढी होत नाही. गुडघ्याला त्याचा काहीही त्रास नाही. त्रास असतो तो 'स्टाइल'चा, म्हणजे गडगा चढून उतरण्यासाठी केलेल्या पायऱ्यांचा किंवा शिडीचा. दुसऱ्या कोणत्याही गावी जाण्याआधी वाटेवर त्या किती आहेत याची चौकशी जरूर करावी.

जॅनेट्स फॉस हा धबधबा आकाराने इतका लहान आहे की सह्याद्रीतला पावसाळा पाहिलेल्या माणसाला हसू येईल. 'फॉस' हा शब्द नॉर्स लोकांबरोबर आलेला असून त्याचा अर्थच धबधबा असा आहे. जॅनेट ही लोककथेतली पऱ्यांची राणी. पाहण्यासारखे आहे ते पाणी ज्यावरून पडते ते : पाण्यातला चुना साचत साचत तिथे हिरव्या शेवाळाने मढलेला, पडद्यासारखा खडक तयार झाला आहे. खालच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत असत. मेमध्ये या झाडीत रानलसूण फुललेली असते आणि पांढऱ्या फुलांच्या आधी तिचा वासच तुम्हाला गाठतो.

धबधब्याशेजारून रस्त्यावर येताना थोडी खडकाळ चढण आहे, तिथे बाबांना हात द्यावा. पुढे उजवीकडे पुलापर्यंत जाऊन डावीकडच्या फाटकातून सपाट वाटेने गॉर्डेल स्कारच्या घळीत जाता येते. दोन्ही बाजूंचे चुनखडीचे कडे शंभर मीटरहून उंच असून एका वळणावर ते अचानक जवळ येतात. नकाशात इथून धबधब्यावरून वर जाणारी वाट दिसते, पण ती हातापायांनी चढण्याची आहे. तिच्या नादी लागू नये. आल्या वाटेने परत आल्यास सगळे मिळून पाच-सहा किलोमीटर होतात.

जेवणानंतर मॅलम कोव्ह. गावापासून पायथा सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाट खडी टाकून पक्की केलेली आहे. कडा सुमारे ८० मीटर उंच असून आत वळलेला आहे. बाबांनी हरिश्चंद्रगडचा कोकणकडा पाहिला असेल तर त्यांना ओळख पटेल, फक्त काळ्याऐवजी पांढरा आणि इथे तो पायथ्यापासून पाहायचा. वसंतात या कड्यावर बहिरी ससाण्याची जोडी घरटे करते, म्हणून दुर्बीण बरोबर असू द्यावी. डाव्या अंगाने माथ्यावर जाणाऱ्या पायऱ्या ४०० च्या आसपास आहेत. बाबा पर्वतीच्या आठवणीने उत्साहाने चढतीलही, पण तेवढ्याच उतरायच्या आहेत, हे त्यांना खालीच सांगावे.

पाऊलवाट

आईंना सांगण्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : वहिवाट. जमीन शेतकऱ्याचीच असते, पण तिच्यातून जाणारी पायवाट सार्वजनिक असते आणि ती अडवण्याचा अधिकार मालकाला नसतो. वहिवाटीचा रस्ता अडवला गेला की आपल्याकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागतात. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना अशा सगळ्या वाटांची नोंद असलेले अधिकृत नकाशे करायला लावले. त्यामागे मोठा झगडा होता. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो लोक मुद्दाम बंदी मोडून चढले आणि त्यांच्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यान झाले ते १९५४ साली.

खांबावर किंवा फाटकावर पिवळा बाण असेल तर ती चालणाऱ्यांची वाट; निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलस्वारही तिथून जाऊ शकतात. बाण दिसला की हटकले जाण्याची भीती बाळगू नये. मात्र वाट सोडून कुरणात पथारी पसरली, तर तो अधिकार उरत नाही. फाटक ज्या स्थितीत आढळेल त्याच स्थितीत ठेवावे.

वासरू असलेल्या गाईपासून लांब राहावे आणि तिच्या व वासराच्या मधून कधीही जाऊ नये. वळूच्या बाबतीत कायदा मजेदार आहे : दुभत्या जातीचा, दहा महिन्यांहून मोठा वळू पायवाटेच्या शेतात सोडता येत नाही, मांसासाठी पाळलेल्या जातीचा मात्र सोडता येतो, बरोबर गाई किंवा कालवडी असल्या म्हणजे झाले. शेतात जात ओळखत बसण्यापेक्षा कडेकडेने निघून जावे, हे उत्तम.

सह्यभटक्या

गडगा यांच्याशी एका बाबतीत असहमत आहे. मॅलमला जाऊन वरचे चुनखडीचे पठार अजिबात न दाखवणे हा अन्याय आहे. तरी कोव्हच्या माथ्यावरच्या फरशीवर ज्येष्ठांना नेऊ नये, हे मान्य : तिच्या भेगा पाय अडकेल एवढ्या रुंद आहेत आणि असंख्य बुटांनी गुळगुळीत झालेला तो दगड पावसात साबणासारखा होतो. मी स्वतः तिथे घोटा मुरगळून घेतला आहे आणि त्या ४०० पायऱ्या बसून बसून उतरलो आहे.

गाडी असेल तर मॅलम टार्न या तलावाजवळ न्यावी. समुद्रसपाटीपासून ३७५ मीटरच्या आसपास असूनही तिथली चाल सपाट आहे. तलावातून निघालेला ओढा थोडे अंतर वाहतो आणि पाहता पाहता दगडगोट्यांत मुरून नाहीसा होतो. हेच पाणी कोव्हच्या पायथ्याशी बाहेर पडत असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते गावाच्या दक्षिणेला आयर नदीच्या झऱ्यांतून निघते आणि कोव्हखालून येते ते दुसरीकडे मुरलेले पाणी. डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टीने जमीन इतकी तुडुंब भरली, की कोव्हच्या माथ्यावरून काही काळ खरोखरचा धबधबा कोसळला.

लीड्सकर

सर्वांचे आभार. शनिवारी जाऊन आलो. फॉस आणि गॉर्डेल झाले, कोव्हचा पायथाही झाला. टार्न पावसामुळे राहिले. बाबा पायऱ्यांपाशी दहा मिनिटे उभे होते, मग स्वतःहूनच वळले.

आईने पहिल्या फाटकावरच्या पिवळ्या बाणावर बोट टेकवून "ही वहिवाट ना?" एवढे विचारून घेतले आणि पुढे प्रत्येक फाटक आमच्यामागून येऊन तिनेच लावले. एकदा तर मागून येणारे इंग्रज जोडपे पार होईपर्यंत ती फाटक धरून थांबली.

आता एक नवीन प्रश्न : तिला त्या रानलसणीची चटणी करायची आहे. पाने खुडलेली चालतात का?

गडगा

घरच्यापुरती पाने खुडण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही; जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणे मात्र १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच झाडीत लसणीला खेटून लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाची विषारी वनस्पती उगवते आणि कोवळेपणी तिची पाने फसवी असतात. प्रत्येक पान चुरडून वास घ्यावा. मात्र दहा-बारा पानांनंतर बोटांनाच लसणीचा वास येऊ लागतो, तेव्हा तिथून पुढे डोळ्यांवर विसंबावे.