गुडघ्याच्या एम्बोलायझेशनमध्ये नस आकसली तर: औषध आधीच सोडायचं की हात थांबवायचा?

कॅथलॅब_अमळनेरकर (धागाकर्ता)

मी मूळचा अमळनेरचा. नाशिकला एका दवाखान्याच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. आमच्या टेबलावर जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे पेशंट बरेच असतात, म्हणून हा विषय इथे मांडतोय.

आधी एम्बोलायझेशनची प्रक्रिया थोडक्यात. झिजलेल्या गुडघ्याच्या अस्तरात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या जोडीने वेदना वाहणारे तंतू वाढतात. जांघेतून नळी घालून तिथवर जायचं आणि बारीक कण सोडून तेवढ्याच वाहिन्या बंद करायच्या. जपानच्या डॉ. युजी ओकुनोंनी २०१५ मध्ये गुडघ्याचे निकाल छापले, त्यानंतर ही पद्धत जगभर गेली.

अडचण अशी की गुडघ्याभोवतीच्या या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या. आत जाणारी मायक्रोकॅथेटर, म्हणजे सगळ्यात बारीक नळी, २ फ्रेंचची, म्हणजे पाऊण मिलिमीटरलाही थोडी कमी. तिला वाट दाखवणाऱ्या वायरचं टोक धमनीच्या भिंतीला घासलं की भिंतीतला स्नायू आवळतो. एक्स-रेत दिसणारा डाय (रंगद्रव्य) सोडला की पडद्यावर धमनीची ठळक काळी रेघ असते, ती बघता बघता दोऱ्याएवढी होते आणि पुढचं सगळं गायब. यालाच स्पॅझम म्हणतात.

काही डॉक्टर नळी आत नेण्याआधीच प्रत्येकाला नायट्रोग्लिसरीन, म्हणजे नस सैल करणारं औषध, सोडतात. मला ते पटत नाही. मध्यंतरी पारोळ्याकडच्या एक मावशी होत्या. सगळं आयुष्य निंदणी आणि कापूस वेचणीत गेलेलं. आतल्या बाजूच्या वरच्या धमनीत शिरताच नस आवळली. डॉक्टरांनी वायर काढली, कॅथेटर मागे घेऊन मोठ्या नळीच्या तोंडाशी ठेवली आणि हात टेबलावरून उचलला. मी घड्याळ पाहत होतो. सहा मिनिटांनी थोडासा डाय सोडला तर रेघ पूर्ववत. औषधाचा एक थेंबही लागला नाही. माझं मत: आधी हलका हात, मग थांबणं, आणि तरीही नस उघडली नाही तरच औषध.

रेडिओलॉजिस्ट_जळगाव

जन्म जळगावचा, काम पुण्यात. ही प्रक्रिया मी स्वतः करतो. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्षाला माझा विरोध आहे.

सहा मिनिटांत नस उघडली हे चांगलंच झालं. पण काही वेळा वीस मिनिटांतही उघडत नाही. तोवर पेशंट पाठीवर ताटकळलेला, आणि पुन्हा आत शिरायचं म्हणजे पुन्हा भिंतीला टोचणं, पुन्हा एक्स-रे. १०० ते २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन धमनीत सावकाश दिलं की मिनिटभरात काम करतं आणि काही मिनिटांत ओसरतं. एवढ्याने वाट मोकळी राहत असेल तर आकसण्याची वाट कशाला बघायची?

त्याहून मोठं कारण सांगतो. या प्रक्रियेत थांबायचं कुठे, हेच सगळ्यात अवघड. गुडघ्याच्या अस्तरात डायचा जो ढगासारखा डाग दिसतो तो पुसला गेला पाहिजे आणि मूळ धमनी मात्र वाहती राहिली पाहिजे. नस आकसलेली असेल तर डाय पुढे सरकतच नाही. डॉक्टरला वाटतं वाहिनी भरली, काम झालं. प्रत्यक्षात पाहिजे तेवढे कण आत गेलेलेच नसतात. आणि आवळलेल्या नसेत जोर लावला तर कण उलटे फिरून गुडघ्यामागच्या मोठ्या धमनीत, तिथून पायात उतरू शकतात. ओकुनोंनी वापरलेले प्रतिजैविकाचे कण कालांतराने विरघळतात. कायमस्वरूपी मण्यांना अशी माफी नाही. म्हणून मी प्रत्येकाला आधीच देतो.

सिस्टर_धुळे

डॉक्टरसाहेब, मान ठेवून सांगते, 'प्रत्येकाला' या शब्दाला माझा विरोध आहे.

तेरा वर्षं मी प्रक्रियेआधीची तयारी करते आहे. आपल्याकडचा पेशंट टेबलावर येतो तो कसा? शिरपूर, साक्री, नवापूरहून पहाटेच्या एसटीने, रात्रीपासून उपाशी, त्यात मे महिना असेल तर अंगातलं पाणी आटलेलं. शिवाय बीपीची गोळी. त्यात नायट्रोग्लिसरीन गेलं की बीपी धाडकन खाली. मी आधी सलाईन चढवते, बीपी दोनदा बघते आणि मगच हो म्हणते.

दुसरं, सिल्डेनाफिलसारख्या, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक ताकदीसाठीच्या गोळ्या. त्यानंतर २४ तास नायट्रोग्लिसरीन चालत नाही, टाडालाफिल असेल तर ४८ तास. हे मुलासमोर, सुनेसमोर विचारलं तर साठीतला माणूस कधीच हो म्हणणार नाही. मी नातेवाइकांना चहाला पाठवते, पडदा ओढते आणि खुर्ची कॉटजवळ घेऊन हळू विचारते. एका आजोबांनी बराच वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाले, "परवा रातले लिधी व्हती, ताई." नाव सांगता येईना, पाकीट घरी. कोणती गोळी ते कळल्याशिवाय हे औषध देता येणार नव्हतं. यादीतल्या चौकोनात खूण करून ही माहिती मिळाली नसती.

तिसरं, मशेरी. आपल्या बायाबापड्या सकाळी उठल्या की दाताला मशेरी लावतात. उपाशी राहा म्हटलं की जेवत नाहीत, पण मशेरी लावतात, कारण ते खाणं नव्हे असं त्यांना वाटतं. तंबाखूतल्या निकोटिनने नसा आवळतात. 'तंबाखू खाता का' विचारलं तर नाही म्हणतील. 'आज मशेरी लावली का' असंच विचारावं लागतं.

कॅथलॅब_अमळनेरकर

सिस्टर, मशेरीचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्यापासून विचारणार.

डॉक्टरसाहेब, एक प्रश्न. कण सोडताना आपण गुडघ्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवतो, कातडीकडे जाणाऱ्या फांद्या आकसून कण तिकडे जाऊ नयेत म्हणून. मग आतून नस उघडायचं औषध आणि बाहेरून नस मिटवायचा बर्फ, ही ओढाताण नाही का? कातडीवर जांभळी जाळी उमटलेले पेशंट मी पाहिले आहेत. काही आठवड्यांत ती जाते हे खरं, पण बाई घाबरतात.

रेडिओलॉजिस्ट_जळगाव

प्रश्न रास्त आहे. उत्तर क्रमात आहे. मी औषध आधी देतो, कॅथेटर जागेवर नेतो, तोवर त्याचा असर उतरणीला लागतो. मग बर्फ, मग पुन्हा एक चित्र, आणि कातडीची फांदी बंद दिसली की कण. घाईने दोन्ही एकत्र केलं तर तुम्ही म्हणता ती ओढाताण होतेच.

सिस्टरांचंही मान्य. 'प्रत्येकाला' ऐवजी 'ज्याला चालतं त्या प्रत्येकाला' म्हणतो. पण आधी द्यायचं, यावर ठाम आहे. आणि थांबून बघण्याच्या पद्धतीत एक धोका तुम्ही लिहिलाच नाही. दिसतंय ते स्पॅझमच आहे कशावरून? वायरने भिंतीचा आतला पापुद्रा सुटला तरी रेघ तुटते. स्पॅझम गुळगुळीत निमुळता असतो आणि औषधाने सैल पडतो. औषध देऊनही डाय भिंतीत अडकून राहिला, तर तिथे पुढे रेटायचं नाही.

हाडवैद्य_चाळीसगाव

तुम्ही सगळे नस कशी उघडायची यावर भांडताय. मी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून एक पायरी मागे जातो. या प्रक्रियेची तुलना लुटुपुटीच्या, म्हणजे कण न सोडता नुसत्या केल्यासारखं दाखवलेल्या प्रक्रियेशी केली गेली, तेव्हा सगळे निकाल एका बाजूचे आले नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम तीन महिने सलग केलेलाच नसतो. आधी तो करा, वजन उतरवा, मग नाशिक-पुण्याची वाट धरा.

रेडिओलॉजिस्ट_जळगाव

व्यायामाबद्दल पूर्ण सहमत. मीही तो केल्याशिवाय कोणाला टेबलावर घेत नाही. पण निकाल संमिश्र येण्यामागे नीट न झालेल्या प्रक्रियाही असू शकतात असं मला वाटतं, आणि नस आकसणं हा त्याचाच भाग आहे.

केळीबाग_रावेर

मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे. वरचं सगळं दोनदा वाचलं.

आमच्या आबांची ही प्रक्रिया मागच्या वर्षी झाली, दवाखान्याचं नाव लिहीत नाही. बाहेर आल्यावर सांगितलं, सगळं व्यवस्थित. दीड महिना आबा बागेत घड बघायला चालत जात होते, बांधावरून सरळ. मग पुन्हा पहिल्यासारखं. आता बैलगाडीला धरून उभे राहतात. विचारलं तर म्हणाले, वय झालं. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ आहे: 'एक धमनी आकसल्याने तिथे मर्यादित प्रमाणात कण सोडले.' वर्षभर हा कागद कपाटात होता. त्या ओळीचा अर्थ मला आज कळला.

औषध आधी द्यायचं की नंतर, हे तुम्ही ठरवा. पण एका वाटेने पुरेसे कण सोडताच आले नाहीत, हे त्या दिवशी आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही पैसे परत मागितले नसते. आबांनी स्वतःच्या गुडघ्याला वर्षभर दोष दिला नसता.

सिस्टर_धुळे

दादा, सांगायलाच हवं होतं.

कॅथलॅब_अमळनेरकर

भाऊ, प्रक्रियेची चित्रं सीडीवर असतात. ती मागून घ्या, सोबत कोणते कण आणि किती मिली गेले, नायट्रोग्लिसरीन दिलं का, ही नोंदही. आकसलेली नस नंतर उघडते, म्हणजे राहिलेली धमनी पुन्हा करता येते का हे चित्रं बघून ठरवता येईल.

रेडिओलॉजिस्ट_जळगाव

मला पाठवा. पैसे नकोत. पण आधी आबांचा नवा एक्स-रे काढा. वर्षभरात झीज फार वाढली असेल तर मी नाही म्हणेन, आणि का ते आबांना स्वतः फोनवर सांगेन.

केळीबाग_रावेर

सोमवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी जातो सीडी आणायला. आबांना आत्ताच सांगितलं. कागद मागून घेतला आणि ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.