रेडिसच्या लुआ स्क्रिप्टमध्ये कमांड समांतर चालवता येतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

खासगी बसच्या तिकीट बुकिंगचा बॅकएंड सांभाळतो. नोड.जेएस आणि रेडिस ७ (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस). प्रत्येक फेरीचा एक हॅश: फील्ड म्हणजे सीट नंबर, व्हॅल्यू म्हणजे रिकामी, धरलेली किंवा विकलेली. प्रवाशाने पुणे–नागपूर शोधलं की पुढच्या सात दिवसांत कुठल्या गाडीत किती जागा आहेत ते दाखवायचं असतं. त्यासाठी एक लुआ स्क्रिप्ट (रेडिसच्या आतच चालणारा छोटा प्रोग्राम) साधारण आठशे हॅशवर लूप फिरवते, प्रत्येकावर एचगेटऑल (अख्खा हॅश वाचणारी कमांड) मारते आणि रिकाम्या सीट मोजते. एका शोधाला ३० मिलिसेकंद लागतात. एरवी हे खपून जातं, पण दिवाळीचं बुकिंग उघडलं आणि सेकंदाला चाळीसेक शोध यायला लागले तसं सगळंच तुंबलं. पैसे भरून झालेल्या लोकांचं तिकीटही निघेना. फोनवर लोक रडकुंडीला आले होते, ते अजून डोक्यातून जात नाही.

करून पाहिलेलं:
स्लोलॉगमध्ये (हळू कमांडच्या नोंदीत) हीच स्क्रिप्ट भरून आहे. आयओ थ्रेड चार केले, फरक शून्य. आठशे कीजचे (म्हणजे हॅशच्या नावांचे) चार तुकडे करून चार कनेक्शनवरून प्रॉमिस-ऑलने एकदम पाठवले, तरी एकूण वेळ तेवढाच.

स्क्रिप्टच्या आतली वाचनं एकमेकांसाठी न थांबता चालवायचा काही मार्ग आहे का? लुआच्या कोरूटीनने जमेल? जाणकारांनी कृपया सांगावं.

रानपाखरू:
नाही जमणार. कमांड चालवणारा थ्रेड एकच असतो आणि स्क्रिप्ट अखंड चालते. ती संपेपर्यंत दुसऱ्या कुणाची कमांड आत शिरत नाही. या हमीसाठीच तर आपण स्क्रिप्ट लिहितो. आयओ थ्रेड सॉकेटवरून वाचणं-लिहिणं वाटून घेतात, कमांड नाही. कोरूटीन एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालतात, त्यामुळे त्यांनीही वेळ वाचत नाही.

तुमचेच आकडे गुणून बघा. ३० गुणिले ४० म्हणजे १२०० मिलिसेकंदांचं काम, आणि सेकंदात मिळतात १०००. रांग वाढतच जाणार. चार तुकड्यांनी एकूण वेळ घटला नाही हे खरं, पण दोन तुकड्यांच्या फटीतून तिकिटाची कमांड निघून जाऊ शकते, एवढा फायदा त्यात आहे.

मुळात शोधाला अखंडतेची गरजच काय? यादीत '७ जागा' दिसल्या आणि क्षणात ६ झाल्या तर कुणाचं बिघडत नाही. अखंडता हवी सीट धरताना. तेवढीच स्क्रिप्ट ठेवा, वाचन बाहेर काढा.

जुना_खिळा:
वरच्यांशी सहमत, पण नुसतं बाहेर काढून पाइपलाइन केली (कमांड एकगठ्ठा पाठवल्या) तरी आठशे एचगेटऑल तेवढेच राहतात. कामच कमी करा. मार्ग आणि तारखेचा एक वेगळा हॅश ठेवा: फील्ड फेरी, व्हॅल्यू शिल्लक जागा. सीट धरणाऱ्या स्क्रिप्टमध्येच एचइन्क्रबायने एक वजा करा. मग सात दिवसांचा शोध म्हणजे फक्त सात वाचनं.

पुढे क्लस्टरवर (अनेक रेडिस सर्व्हर, म्हणजे नोड, डेटा वाटून घेतात) गेलात तर तिथे खरी समांतरता मिळते, कारण प्रत्येक नोडचा थ्रेड वेगळा. पण एका स्क्रिप्टच्या सगळ्या कीज १६३८४ पैकी एकाच स्लॉटमध्ये (कीज वाटून ठेवायच्या कप्प्यात) असाव्या लागतात. म्हणून मार्ग आणि तारीख कीच्या नावात महिरपी कंसात घाला. स्लॉट त्या कंसातल्या मजकुरावरून ठरतो. हे आत्ताच करून ठेवा, नंतर लाखो कीजची नावं बदलणं फार जिवावर येतं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सात वाचनांवर आणलं. चाचणीत शोध एका मिलिसेकंदाच्या आत आला आणि तिकिटं अडकत नाहीत. एक गोष्ट मात्र सुटत नाहीये. धरलेली सीट पाच मिनिटांत पैसे न आल्यास मोकळी होते. त्यासाठी वेगळी की टीटीएल (आपोआप पुसली जायची मुदत) लावून ठेवली आहे. ती आपोआप मेली की शिल्लक आकडा परत कोण वाढवणार? एक्सपायरी नोटिफिकेशन ऐकू का?

जुना_खिळा:
त्यावर विसंबू नका. नोटिफिकेशन पबसबवरून (त्या क्षणी ऐकणाऱ्यांनाच पोचणाऱ्या संदेशांतून) येतं. तुमचा सर्व्हर त्या क्षणी तुटलेला असेल तर ते कायमचं गेलं. शिवाय ते टीटीएल शून्य झाल्यावर नाही, ती की प्रत्यक्ष पुसली गेल्यावर निघतं, आणि त्याला उशीर होऊ शकतो.

धरलेल्या सीटचा सॉर्टेड सेट (स्कोअरनुसार क्रम लावलेला संच) करा, स्कोअर म्हणजे मुदत संपायची वेळ. सीट धरणाऱ्या स्क्रिप्टने सुरुवातीलाच मुदत संपलेल्या सीट झेडरेंजबायस्कोअरने काढायच्या, मोकळ्या करायच्या आणि आकडा वाढवायचा. बुकिंग थंड असतानाही आकडा बरोबर दिसावा म्हणून हाच भाग दर काही सेकंदांनी वेगळा चालवा. एका वेळी शंभरच सीट घ्या, नाहीतर पुन्हा लांब स्क्रिप्टच्याच फेऱ्यात अडकाल.

धागाकर्ता:
शंभरची मर्यादा घालून आज रात्री चाचणीवर चढवतो. उद्या स्लोलॉग बघून इथेच कळवतो.