पन्नास हजार भरण्याआधी

तीन दिवसांत पन्नास हजार भरा नाहीतर सीट जाईल, असा खासगी विद्यापीठातून फोन आल्यावर पोटात गोळा येणारच. तरी जरा थांबा. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या मुलींना राज्य सरकारने २०२४ मध्ये शंभर टक्के शुल्कमाफी दिली (कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत). ती खासगी आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना लागू नाही, कॅपमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश मिळाला तरच मिळते. तुमची मुलगी त्यात बसत असेल तर चार वर्षांच्या फीचा प्रश्न आहे हो! कॅपच्या फेऱ्या संपू द्या.

पुतण्याच्या वेळी आम्ही अशीच घाई केली. दादरला बँकेत कर्जाचे कागद घेऊन गेलो, तर तिथल्या मॅडमनी पावती उलटून दाखवली. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, पैसे परत मिळणार नाहीत. भावाचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि मूळ मार्कशीट, एलसी कुणाकडे ठेवू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने ते तपासून लगेच परत द्यायचे असतात. दरवर्षीची फीवाढ किती, तेही आधी लेखी मागून घ्या.