मदत हवी आहे : खून झालेल्या फ्रँक राणीची पाच शहरं बहिणीकडे कोणत्या हक्कानं गेली?

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने सहाव्या शतकातल्या फ्रँक (आजच्या फ्रान्सच्या भागावर राज्य करणारे जर्मानिक लोक) राजांबद्दल वाचतोय. एका ठिकाणी पार अडलोय, जाणकारांनी कृपया हात द्यावा.

शिल्पेरिक या फ्रँक राजानं स्पेनच्या व्हिसिगॉथ राजाची मुलगी गाल्सविंथा करून आणली. लग्नात आणि लग्नानंतरच्या सकाळी नवऱ्यानं द्यायची भेट (मॉर्गेनगाबे) म्हणून तिला बोर्दो, लिमोज, काओर, बेआर्न आणि बिगोर मिळाली. दागिने नव्हेत, अख्खी शहरं! थोड्याच काळात ती अंथरुणात गळा आवळून मारलेली सापडली आणि काही दिवसांतच राजाची आधीची सोबतीण फ्रेडेगुंड पुन्हा राजाच्या शेजारी आली. तूरच्या बिशप ग्रेगरीनं हे लिहून ठेवलंय. ते वाचून त्या मुलीसाठी जीव तुटतो.

पुढे 587 च्या आँदलोच्या तहात (शिल्पेरिकचा भाऊ गुंट्राम राजा आणि ब्रुनहिल्डचा मुलगा यांच्यातला करार) ही शहरं गाल्सविंथाची बहीण ब्रुनहिल्ड हिची म्हणून नोंदली आहेत. ब्रुनहिल्ड ही शिल्पेरिकच्या सावत्र भावाची, सिगेबर्टची, बायको. गुंट्राम आणि फ्रँक सरदारांनी तसा निवाडा आधीच दिला होता. तहात काओर तिला लगेच दिलं, बाकीची चार गुंट्रामच्या मृत्यूनंतर.

माझा घोळ इथे होतो. सालिक कायदा (फ्रँकांची जुनी कायद्यांची संहिता) म्हणतो, सालिक जमिनीत बाईला वाटा नाही. राज्य तर बापाकडूनच चालायचं, आई कोण हे बघत नसत. या भावांचा बाप क्लोथार, त्यानं इंगुंड आणि तिची सख्खी बहीण अरेगुंड अशा दोघींशी लग्न केलं, दोघींचेही मुलगे राजे झाले. फ्रेडेगुंड तर दासी होती, तरी तिचा मुलगा 613 मध्ये सगळ्या फ्रँक राज्याचा धनी झाला. म्हणजे राणीचं स्वतःचं असं काही असेल तर ती ही भेटच.

मग ब्रुनहिल्डला शहरं मिळाली ती वारस म्हणून, की खुनाची भरपाई म्हणून? मला पहिलं पटतं: गाल्सविंथाला मूल नव्हतं, तेव्हा आपल्याकडच्या स्त्रीधनासारखं ते माहेरच्या रक्ताकडे गेलं असावं. पण भरपाई असेल, तर खून शिल्पेरिकनंच करवला हे भावांनी उघड मान्य केलं, असा त्याचा अर्थ होतो.

तहाचा मूळ लॅटिन मजकूर कुणी वाचलाय का? त्यातल्या मिळकतीच्या शब्दांवरून यातलं काय ठरतं, एवढं कुणी उलगडून सांगितलं तर फार उपकार होतील.